गारगोटीला खिडकी

।। श्री ।।

कळस, ता. इंदापूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. सोनम हिला झुंबरमामाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पावलं. उत्तराला उशीर झाला, कारण वरच्या वावरात नव्या विहिरीचं काम चालू हाय आन् मी दिसभर तितंच असतो. मला तितं काम काय बी न्हाय. पण जल्मभर तालुक्यातल्या विहिरींत उतरून कंप्रेसरनं सुरुंगाची भोकं पाडली, तवा आपल्या स्वतःच्या विहिरीत दुसरं कोण कशी भोकं पाडतंय ते बघाय बसाय पायजेच. तुझी मामी म्हणती, ह्यांचं सोयरं खाली खडकात राहत्यात.

तुझ्या आईनं इचारलं व्हतं की ह्या काळात मामा-भाची पत्रं कसली लिवताय. तिला सांग, त्या कंप्रेसरनं माझं दोन्ही कान नेलं. फोन कानाला लावून मी काय करू? मोबाईलात अक्षरं दाबाय बसलो तर एका बोटाखाली चार अक्षरं येत्यात. कागद बरा. तुझं अक्षर बघितलं की तू बोलतीयास असं वाटतं.

आता मुद्द्याचं. परवा विहिरीतला माल वर उचलणाऱ्या यारीनं वर आलेल्या दगडांच्या ढिगात एक गारगोटी घावली. कवठाएवढी, बाहेरनं हिरवट, खडबडीत. तसल्या गारगोट्या मी हजार बघितल्या आन् लाथेनं बाजूला सारल्या. ही मामीनं उचलली. पोरांना खेळाय व्हईल म्हणून तिनं माती झाडाय ती हलवली आन् एकदम थांबली. परत कानाजवळ न्हेऊन हलवली. तिचं तोंड असं झालं सोनम, की मला वाटलं तिला कायतरी चावलं. मग तिनं मला हातानं पाणी पिऊन दाखवलं, दगडाकडं बोट केलं.

त्या दगडात पाणी हाय. आत डुचमळतंय. शेजारचा बिरदेव आला, त्यानं ऐकलं. यारीवाल्यांनी ऐकलं. सांजपातूर निम्मी वाडी येऊन गेली. जो तो दगड कानाला लावायचा, हलवायचा आन् त्याचं तोंड मामीसारखं व्हायचं. मी नुसती तोंडं बघत बसलो. मी पण कानाला लावला. गार लागला, बाकी काय न्हाय.

मला ते पाणी बघायचं हाय. आमच्या लेकानं, अविराजनं, गेल्या दिवाळीला पुण्यावरनं एक बारका ग्राइंडर आणून दिलाय, पेनासारखा हातात धरायचा, गरगर फिरणारा, टोकाला बसवायच्या पेटीभर दात्या आन् चकत्या असलेला. तू बी दातांच्या कारखान्यात कवळ्या घासाय तसल्याच मशीनवर काम करतीस. तर मला लिव, गारगोटीला बारकी खिडकी कशी पाडायची, म्हंजे आतलं दिसंल पण पाणी सांडायचं न्हाय.

तुझ्या आईला नमस्कार सांग. माया हायच, ती वाढती ठेव.

तुझा
झुंबरमामा

❖

।। श्री ।।

बारामती
१५ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस सोनमचा साष्टांग नमस्कार वि. वि.

मामा, तुमचं पत्र मी लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि मग स्टुलावर बसून पुन्हा वाचलं. आधी वाटलं तुम्ही माझी चेष्टा करताय. लहानपणी तुम्ही मला सांगितलं होतं की विहिरीच्या तळाला म्हातारी दळत बसलेली असते, आणि मी ते दुसरीपर्यंत खरं मानलं होतं.

पण आमच्याकडे एका मॅडमच्या आईंची कवळी बनवायला आली आहे. मॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. त्यांना विचारलं, तर त्या हातातली पर्स विसरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, असं असतं, पण फार क्वचित. आपला सगळा काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो थिजताना आत बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातून गारगोटीचे थर आतल्या भिंतींना चिकटत गेले आणि एखाद्या पोकळीत शेवटचं पाणी कोंडून राहिलं. ते नक्की किती जुनं ते सांगता येत नाही, पण माणूस नावाचं काही पृथ्वीवर नव्हतं तेव्हाचं असू शकेल, असं त्या म्हणाल्या. मामा, तेव्हापासून आजपर्यंत त्या पाण्याला ऊन लागलेलं नाही. दिवसभर माझ्या हातून एकही काम धड झालं नाही.

आता तुमच्या मशीनचं. एक विनंती, मी येईपर्यंत हात लावू नका. महिनाअखेरीची कामं आहेत, नंतर येते. तोवर वाचून ठेवा.

पहिलं डोळे. दोन्ही बाजूंनी बंद असलेला चष्मा मी एसटीच्या पार्सलनं पाठवते आहे, तो आल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही. वाचायचा चष्मा चालणार नाही. तोंडाला चांगला मास्क, कारण गारगोटीची भुकटी छातीत बसली की निघत नाही. खांद्यावरचा टॉवेल घरात ठेवून यायचं, फिरणारी दाती कापडाचं टोक ओढून घेते. दगड हातात धरायचा नाही, शिकंज्यात लाकडाच्या पट्ट्यांमध्ये आवळायचा. दाती घट्ट बसली का ते बघायचं, आणि मशीन चालू केल्यावर लगेच दगडाला लावायचं नाही. थोडा वेळ तोंडापासून लांब, मोकळं फिरू द्यायचं. दातीत खोट असेल तर ती तेव्हाच कळते.

वेगाचं म्हणाल, तर तुमच्या मशीनवर एक ते सहा आकडे असतील. सहावर लावलं की लवकर होईल असं वाटतं, तसं नसतं. तुम्हीच मला खळ्यावरच्या मळणीचं सांगितलं होतं ना? मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि पातीच्या, म्हणजे जुंपलेल्या रांगेच्या, कडेच्या बैलाला पळावं लागतं. तसंच हे. चकती मोठी असेल तर तिची कड भयंकर पळते, म्हणून मोठ्या चकतीला वेग कमी ठेवायचा. बारीक टोकाची दाती असेल तर थोडा जास्त चालतो. शिवाय प्रत्येक जिनसाचा वेग वेगळा. आमच्या कवळीचं प्लॅस्टिक जास्त वेगानं वितळून दातीला चिकटतं. गारगोटी वितळणार नाही, पण कोरडी घासली तर तापून तडकेल. तिला हिऱ्याची भुकटी लावलेली दाती, कमी वेग आणि सतत पाणी. आणि दाबायचं नाही. मोटरचा आवाज ऐकत राहायचं. सूर उतरला की समजायचं दाब जास्त झाला, हात हलका करायचा. सगळी विद्या त्या सुरात आहे.

मामींना म्हणावं, मी आल्यावर सगळ्यात आधी मला ऐकायला द्या. आईनं मेथीचे लाडू केलेत, घेऊन येते. माझ्यावरचा लोभ त्या पाण्यासारखा जपून ठेवा.

तुमची
सोनम

❖

।। श्री ।।

कळस
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सोनम हिला मामाचे आशीर्वाद.

पत्र पावलं. समदं समजलं. मळणीचं लिवलंस ते लगीच ध्यानात आलं. हितं समदं ठीक हाय. डोळ्यात थोडी धूळ गेली व्हती, आता बरं वाटतंय. अक्षर जरा वाकडं आलंय, उजेड कमी हाय. मशीन चांगलं हाय, जोरदार हाय. विहिरीला पाणी लागलं, गोड हाय. तू सवडीनं ये, घाई करू नगंस.

कळावे, माया हायच.

झुंबरमामा

❖

कळस
२२ फेब्रुवारी २०२५

सोनम पोरीला बनाबाईमामीचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिवत न्हाय, माझं चौथीचं अक्षर, समजून घे. ह्यांनी काल तुला काय लिवलं ते मला म्हाईत न्हाय, पण खरं लिवलं नसणार. म्हणून मी लिवती.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिशी ह्यांनी मशीन काढलं. तुझा चष्मा अजून आला नव्हता. मी पाण्याला गेले व्हते. पेटीत लोखंड कापायची कागदासारखी पातळ चकती असती बघ, ती लावली. आकडा सहावर. दगड डाव्या हातात. वाचायचा चष्मा नाकावर. मी दारात आले तवा असा आवाज येत व्हता की अंगावर काटा आला, जनावर वरडावं तसा. मी वरडले, थांबा म्हणून. पण माझं वरडणं कुणाला ऐकू येतंय? मी घागर टाकून पळाले आन् माझ्या म्होरं ती चकती फुटली. दगड हातात वळला आन् चकती तिरकी झाली, असं नंतर त्यांनी सांगितलं. एक तुकडा चष्म्याच्या वरनं भुवईत शिरला. समदं तोंड रगतानं भरलं.

बिरदेवच्या गाडीतनं इंदापूरला न्हेलं. डॉक्टरांनी टाकं घातलं. म्हणालं, बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता. दोन दिस त्या डोळ्याला पट्टी व्हती. पोरी, ते दोन दिस कसं गेलं ते मलाच म्हाईत. एरवी मी ओठ हलवले तर हे वाचत्यात, तोंड बघून माझा राग, माझं हासू समदं ओळखत्यात. वीस वर्षं आमी तसंच बोलतो. पट्टी बांधल्यावर हे नुसतं माझा हात धरून बसलं. मला एकच इचार येत व्हता, कान गेलं तवा डोळं व्हतं. डोळंबी गेलं तर मी ह्या माणसापातूर पोचायची कशी?

तुझ्यावर राग न्हाय. पण एक सांगते. तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. मोटरचा आवाज ऐकत राहायचं, समदी विद्या सुरात हाय, हितं आलं आन् थांबलं. हासलं. मग म्हणालं, म्हंजे आपल्याला ही विद्या येणार न्हाय, आपलं आपण बघू. मला वाटतं म्हणून घाई केली.

दगड धड हाय, नुसता ओरखडा गेलाय. मशीन मी ज्वारीच्या कणगीत घातलंय. तू ह्यांना लिव की हा नाद सोडा. तुझं ऐकतील.

तुझी मामी

❖

।। श्री ।।

बारामती
२७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस सोनमचा साष्टांग नमस्कार.

मामींचं पत्र मिळालं. त्यांच्यावर रागावू नका. रागवायचा हक्क या खेपेला फक्त मामींना आहे, थोडा मला.

तुम्हाला मला काय काय सुनवायचं होतं ते मी मनात म्हणून घेतलं. शिकंजा नाही, चष्मा नाही, पाणी नाही आणि लोखंडाची चकती गारगोटीला. असल्या चकतीवर तिचा जास्तीत जास्त वेग छापलेला असतो, मशीनचा वेग त्याच्या पुढे गेला की ती कधीही फुटते. आणि वेग त्या मर्यादेत असला तरी जरा तिरकी झाली की काचेसारखी तुटते. मामा, चकती ज्या रेषेत फिरते त्या रेषेत तोंड कधीच ठेवायचं नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण ते राहू दे. मी तुम्हाला, तुम्हाला, आवाज ऐका असं लिहिलं. ते वाचून तुम्ही हसलात हे कळल्यावर मला लॅबच्या मागे जाऊन उभं राहावं लागलं.

मग मी एक गोष्ट केली. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून आमचे आवाज बंद करणारे हेडफोन घातले आणि मशीन सुरू केलं. मामा, मी घाबरले! सहा वर्षं रोज हातात असलेलं यंत्र मला अनोळखी वाटलं. ते चालू आहे की बंद हेही बघावं लागलं. पहिली कवळी मी बिघडवली. मालक म्हणाले, सुट्टी घे. मी घेतली नाही.

मग हळूहळू काहीतरी कळायला लागलं. दाती नीट चालते तेव्हा बोटांच्या टोकांना बारीक मुंग्या येतात, एकसारख्या, मऊ. दाब वाढला की त्या मुंग्या जाड होतात, अंतरा-अंतरानं येतात, ठोके दिल्यासारख्या. दाती बोथट झाली की मुंग्या मनगटापर्यंत चढतात. दातीत खोट असेल तर अंगठ्याच्या मुळाशी थरथर येते. मी टेबलावर पाण्याची वाटी ठेवून पाहिली, तर पाण्यावरही तेच उमटत होतं. हात हलका असताना बारीक नक्षी, दाब वाढला की लाटा. हे सगळं माझ्या हातात सहा वर्षं होतं आणि सुरापुढे मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. काल अख्खी कवळी मी तशीच, बहिऱ्या कानांनी पुरी केली. हेडफोन काढले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

मामी, हे तुमच्यासाठी. त्यांना नाद सोडा म्हणायला सांगितलंत. मला ते लिहिता येत नाही. ज्या पाण्याचा आवाज सगळ्या वाडीनं ऐकला ते त्यांनी निदान बघावं असं मला वाटतं. पण तुम्ही परवानगी दिलीत तरच. रविवारी येते. मशीन कणगीत राहू द्या, तुम्ही स्वतः काढून दिलंत तर काढू. नाही दिलंत तर लाडू खाऊन, पाणी ऐकून परत जाईन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

आशीर्वाद असू द्यावा, या खेपेला जरा जास्तच.

तुमची
सोनम

❖

।। श्री ।।

कळस
२० मार्च २०२५

चि. सोनम हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

तू दोन रविवार येऊन गेलीस, घर भरल्यासारखं झालं. मामीनं कणगीतनं मशीन काढून तुझ्या हातात दिलं तवाचं तिचं तोंड मी इसरणार न्हाय. नवऱ्याला विहिरीत उतराय दोर धरावा तसं ते तोंड व्हतं. पूर्वी खरंच धरायची.

तू करून दिलेली मांडणी तशीच ठेवलीया. भवानीनगरच्या दुकानातनं आणलेली लवचिक नळी, जिच्या टोकाला दाती फिरती ती, मशीनला लावली, मशीन वर खुंटीला टांगलं, म्हंजे विजेची वस्तू पाण्यापासनं लांब आन् हातात नुसतं टोक. खाली पसरट ट्रे, त्यात शिकंजा. वरनं सलाईनच्या बाटलीतनं थेंब थेंब पाणी. वायर पाण्याच्या उलट्या बाजूनं. तुझा चष्मा, तुझा मास्क. बिरदेव म्हणाला, झुंबर आता ऑपरेशन करणार दिसतोय.

रोज दुपारी ओट्यावर सराव करतो. त्याच विहिरीतल्या दुसऱ्या गारगोट्या घेतल्या. पहिले चार दिस मला काय बी कळत नव्हतं. कंप्रेसर धरायचा म्हंजे समदं अंग त्याच्यावर टाकायचं, खडक हटंस्तोवर रेटायचं. तीस वर्षं हाताला तेवढंच म्हाईत. हितं रेटलं की चुकलंच. मग तू सांगितलं तसं मामी माझ्या मागं बसाय लागली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मोटरचा सूर उतरला की ती बोटानं टिचकी द्यायची, मी हात उचलायचा. तिचं कान, माझा हात. असं आठवडाभर चाललं.

आन् परवा काय झालं ते लिवायलाच हे पत्र. आकडा दोनवर व्हता. दाती चालली व्हती, मुंग्या अगदी बारीक. मधी दगडात एक पांढरा पट्टा आला, तितं मुंग्या एकदम जाड झाल्या. मी हात उचलला. मागं वळून बघितलं तर मामीचं बोट वरच. टिचकी द्यायची राहिली व्हती. मी तिच्या आधी उचललं व्हतं. तिनं ओठ हलवून म्हणलं, तुमाला ऐकू आलं काय? मी म्हणलं, न्हाय, हाताला आलं.

सोनम, मी किती दगड फोडला असंल त्याचा हिशेब न्हाय. दगड म्हंजे मला आडवी आलेली वस्तू व्हती. आता बोटाच्या टोकाला कळतं, हितं तो कवळा हाय, हितं निबर हाय, हितं आत बारीक चीर हाय. जी वस्तू जल्मभर पायाखाली व्हती तिला आत इतकं काय काय असतंय, हे मला आता म्हातारपणी कळतंय. रात्री झोपताना बी हाताला मुंग्या असत्यात आन् मला बरं वाटतं.

आता खऱ्या गारगोटीला हात घालू का, तेवढं लिव. तुझ्या हुकमाबिगर न्हाय. कानाला खडा. माया अशीच येऊ दे.

झुंबरमामा

❖

।। श्री ।।

बारामती
२५ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी मॅडमना वाचून दाखवलं. तुम्हाला न विचारता दाखवलं, माफ करा. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या लिहिते.

एक, खिडकी म्हणजे भोक नव्हे. वरची साल घासत पातळ करायची, आरपार जायचं नाही. अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरी धरून बघत जायचं. आधी दगड काळाच दिसेल, मग काकवीसारखा, मग मधासारखा. मध दिसायला लागला की वेग एकवर आणायचा, दाती बदलून बारीक घ्यायची, आणि दर थोड्या वेळानं थांबून बघायचं. शेवटी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, बोळ्यानं, पॉलिशची पेस्ट लावून, सगळ्यात कमी वेगानं चकाकी आणायची.

दुसरी, हा दगड आपल्याला घट्ट वाटतो, पण तो अतिशय सूक्ष्म छिद्रांचा असतो. जमिनीत होता तोवर ओलाव्यात होता. बाहेर कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिला तर आतलं पाणी त्या छिद्रांतून हळूहळू उडून जाऊ शकतं. म्हणून काम नसेल तेव्हा त्याला पाण्यात ठेवायचं.

तिसरी गोष्ट सांगताना त्या जरा अडखळल्या. म्हणाल्या, साल कुठे किती जाड आहे ते बाहेरून कुणालाच कळत नाही, माझ्या प्रयोगशाळेतही नाही. एखाद्या ठिकाणी ती अंड्याच्या टरफलाएवढी असू शकते. तुमच्या मामांचा हात कितीही चांगला झाला तरी पाणी सांडण्याची भीती राहीलच. आणि एकदा सांडलं तर ते पुन्हा भरून ठेवायची वस्तू नाही.

म्हणून मामा, मी तुम्हाला हुकूम देत नाही. नाही म्हणायचाही अधिकार मला नाही. पाणी आत आहे हे सगळ्यांनी ऐकलं आहे. ते तसंच अंधारात राहू द्यायचं, की एवढ्या जोखमीनं बघायचं, हे तुम्ही आणि मामींनी ठरवा. जे ठरवाल त्यात मी आहे. पाडव्याला मला यायला जमणार नाही, आईला घेऊन लोणी भापकरला जायचं आहे. वाट माझी बघू नका.

तुमच्या दोघांच्या मायेत जागा राहू द्या.

सोनम

❖

।। श्री ।।

कळस
६ एप्रिल २०२५

चि. सोनम हिला मामाचे लाख आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आल्यावर तीन-चार दिस मी मशीनला हात लावला न्हाय. पाडवा तसाच गेला. दगड पाण्याच्या पातेल्यात ठेवला आन् येता-जाता बघत व्हतो. कधी वाटायचं, एवढ्या काळात ज्याच्यात कुणी डोकावलं न्हाय त्याच्यात डोकावणारा मी कोण? इंदापूर तालुक्यातला एक भोकं पाडणारा. मामीला इचारलं. ती म्हणाली, तुमच्या हातनं सांडलं तर मी म्हणीन आपल्या जमिनीत मुरलं. पण तुमी न बघता बसलात तर ते मला बघवणार न्हाय. मग ठरलं.

काल सकाळी कोवळ्या उन्हात बसलो. टॉवेल घरात, बाह्या घट्ट, चष्मा, मास्क. दाती बसवून ओढून बघितली. मोकळी फिरवली. तोंड रेषेत न्हाय. मामी मागं. बिरदेव बॅटरी घेऊन. आकडा दोन.

लई हळू चाललं. ट्रेमधलं पाणी दुधासारखं व्हायचं, मामी बदलायची. दर थोड्या वेळानं दगड काढून आमी तिघं माजघरात जायचो, बिरदेव मागनं बॅटरी धरायचा. काळा. परत काळा. दुपारच्या जेवणाआधी काकवी दिसली. माझं जेवणात ध्यान नव्हतं. नंतर मध आला. मी आकडा एकवर आणला, दाती बदलली. आता मुंग्या इतक्या बारीक व्हत्या की श्वास घेतला तरी हुकायच्या.

मग एका क्षणी त्या मुंग्या बदलल्या. जाड न्हाय झाल्या. पोकळ झाल्या. मला दुसरा शब्द न्हाय. रिकाम्या घागरीवर टिचकी मारल्यावर बोटाला जसं लागतं तसं. तू हे कधी लिवलं नव्हतंस, कुणीच सांगितलं नव्हतं. मी हात उचलला. मामीला मी खुणेनं इचारलं, सूर बदलला का? ती म्हणाली, न्हाय, तसाच हाय. बिरदेव म्हणाला, अजून थोडं घासा, आणखी चांगलं दिसंल. आन् मलाबी मोह झाला सोनम. पण हात खाली जाईना. मी मशीन बंद केलं आन् प्लग काढला.

नमद्यानं चकाकी आणली. माजघरात गेलो. बिरदेवनं बॅटरी लावली.

काय सांगू? आत एक खोली हाय. तिच्या भिंतींना बारीक बारीक खडे हायत, साखरंचं दाणे असावेत तसं, समदं चमकणारं. आन् त्या खोलीत पाणी हाय, स्वच्छ, आपल्या नव्या विहिरीच्या पाण्याहून स्वच्छ. आन् पाण्यावर एक बुडबुडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी दगड जरा कलता केला. बुडबुडा हलला. सावकाश सरकत वर गेला आन् थांबला. जसा कुणीतरी कूस बदलतो.

मी मामीकडं बघितलं, बिरदेवकडं बघितलं. मला वाटलं हे कायतरी बोलत असतील, मला ऐकू येत नसंल. पण कुणाचे ओठ हलत नव्हते. बिरदेव, जो झोपेत बी बोलतो, तो गप. दोघांनी आपोआप हात जोडलेलं. तसंच लई वेळ आमी तिघं उभं व्हतो.

साल किती राहिली असंल ते मॅडमना इचार. त्यांना म्हणावं, कधीबी या, कॉलेजातली पोरं घेऊन या. न्हेऊ देणार न्हाय, पण दाखवीन, ओट्यावर चहा पाजीन. दगड पातेल्यात हाय. तू आईला घेऊन लवकर ये. माझ्या हातानं तुला दाखवायचं हाय.

म्होरचं मामी लिवणार म्हणती, कागद तिला देतो.

झुंबरमामा

ता. क. सोनम, मी मामी. ह्यांनी एक लिवलं न्हाय. आज सकाळी आमी दोघंच उन्हात बसलो व्हतो. ह्यांनी दगड हातात घेतला आन् मला म्हणालं, तू कान जवळ आण, मी बुडबुड्याकडं बघतो, मला ताडून बघायचं हाय. मी कान लावला. ह्यांनी दगड कलता केला आन् म्हणालं, आत्ता. खरंच तवाच पाणी वाजलं. परत कलता केला, परत म्हणालं, आत्ता. परत वाजलं. मी डोळं मिटून बसले व्हते, हे म्हणायचं आन् पाणी वाजायचं. एकदाबी चुकलं न्हाय. लई वेळ आमी तेच करत बसलो, चूल तशीच राहिली.